डॉक्टरची चिठ्ठी आणि रग्बीतले बदली खेळाडू

या वीकेंडला थोडं रग्बीबद्दल. आपल्याकडे रग्बी म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेले अमेरिकन खेळाडू येतात. तो हा खेळ नव्हे. हा बिनहेल्मेटचा. अंड्याच्या आकाराचा चेंडू, एका बाजूला १५ खेळाडू, ८० मिनिटं, आणि चेंडू हाताने फक्त मागे पास करायचा. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हा खेळ वर्षानुवर्षं चालू आहे, पण क्रिकेटच्या गोंगाटात त्याच्याकडे कोण बघतंय!

तर या खेळात एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. फिरत्या बदल्यांना, म्हणजे रोलिंग सबस्टिट्यूशनला परवानगी द्यावी का? हॉकीत १९९० च्या दशकापासून हेच चालतं. फॉरवर्ड काही मिनिटं जीव तोडून पळतो, बाहेर येतो, पाणी पितो, पुन्हा आत जातो. बास्केटबॉलमध्येही तसंच. रग्बीत मात्र वरच्या पातळीवर तसं नाही. एकदा डावपेच म्हणून बाहेर काढलं की तुमचा दिवस संपला.

वरवर बघता हा किरकोळ नियमाचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या मागे शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो गमतीशीर आहे. गमतीशीर म्हणतोय खरा, पण त्यात खोटं रक्त आहे, खरं रक्त आहे, आणि काही माणसांच्या हरवलेल्या आठवणी आहेत.

सुरुवातीला बदली ही भानगडच नव्हती. पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८७१ मध्ये एडिनबराला स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, तेव्हा एका बाजूला २० जण होते. १८७७ पासून आंतरराष्ट्रीय सामने १५-१५ चे झाले. त्या १५ पैकी एखाद्याचा पाय मोडला तर उरलेले १४ खेळायचे. आणखी एक गेला तर १३. बास. बदली खेळाडू आणणं म्हणजे जवळजवळ लबाडीच, अशी त्यामागची समजूत. हा खेळ इंग्लंडच्या पब्लिक स्कूलमधून आलेला. तिथे खेळाचा हेतू जिंकणं हा नसून पोरांना कणखर करणं हा होता (निदान बोलण्यापुरता तरी). दुखलं तरी खेळत राहायचं, रडायचं नाही, आणि खेळाचे पैसे घ्यायचे नाहीत.

हे फक्त रग्बीचं नव्हतं. इंग्लिश फुटबॉलमध्येही तीच तऱ्हा. १९५६ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेलं असताना शेवटपर्यंत खेळला, कारण त्याच्या जागी येणारं कोणी नव्हतंच. लोक आजही ती गोष्ट शौर्याची म्हणून सांगतात. शौर्य होतंच, वादच नाही. पण नियम बरा असता तर त्या शौर्याची गरज पडली नसती, हे कोणी सांगत नाही.

रग्बीत दार पहिल्यांदा किलकिलं झालं १९६८ मध्ये. आंतरराष्ट्रीय सामन्यात जखमी खेळाडूच्या जागी दुसरा आणता येईल असं ठरलं. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटिश लायन्सचा संघ दक्षिण आफ्रिकेत होता. प्रिटोरियाच्या पहिल्या कसोटीत वेल्सच्या बॅरी जॉनच्या खांद्याजवळचं हाड मोडलं आणि त्याच्या जागी आयर्लंडचा माइक गिब्सन आला. आंतरराष्ट्रीय रग्बीतला हा पहिला बदली खेळाडू.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १९७० मध्ये, ट्विकनमला वेल्सची इंग्लंडशी गाठ होती. वेल्स मागे पडलेलं. त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू गॅरेथ एडवर्ड्स जखमी झाला. शेवटच्या वीसेक मिनिटांसाठी चिको हॉपकिन्स नावाचा खेळाडू आत आला. त्याने स्वतः एक ट्राय केला आणि वेल्सने सामना १७-१३ असा जिंकला. हॉपकिन्स वेल्सकडून खेळला तो तेवढाच एक सामना. म्हणजे तीन वर्षं आधी हा सामना झाला असता तर वेल्स १४ जणांनिशी खेळलं असतं आणि चिको हॉपकिन्स हे नाव आज कोणाला ठाऊक नसतं.

पण या नव्या नियमात एक कळीची अट होती. खेळाडू पुढे खेळू शकत नाही असं डॉक्टरने सांगायला हवं. नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी गोष्ट या एका अटीवर उभी आहे. आतापर्यंत डॉक्टर हा माणसाला बरं करणारा होता. आता तो दारावरचा शिपाईही झाला. त्याची चिठ्ठी असेल तर ताज्या दमाचा माणूस आत, नसेल तर नाही. शाळेत असताना गणिताच्या परीक्षेच्या दिवशी पोटदुखीची चिठ्ठी आणणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. चिठ्ठीला किंमत आली की चिठ्ठ्या वाढतात. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला खेळाडू अपवाद कसे असतील?

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी युनियनने हौशीपणाचं सोवळं सोडलं. खेळाडूंना उघडपणे पैसे देता येऊ लागले. आणि पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, डावपेच म्हणून बदली करायला परवानगी मिळाली. आधी तीन खेळाडूंपुरती. हे दोन निर्णय लागोपाठ आले हा योगायोग नसावा. पगारी खेळाडू बाकावर नुसता बसवून ठेवणं कोणत्या मालकाला परवडेल? पुढे बाकावरचे सात जण वापरता येऊ लागले, आणि २०१२-१३ च्या सुमारास कसोटी सामन्यात आठवा आला. आता संघ २३ जणांचा असतो. १५ मैदानात, ८ बाकावर. त्यातले तीन पुढच्या फळीचे, म्हणजे स्क्रममध्ये सगळ्यात पुढे डोकं घालणारे, असावे लागतात. ते काम येरागबाळ्याचं नाही. न शिकलेला माणूस तिथे घातला तर मान मोडू शकते.

आठ म्हणजे अर्ध्याहून जास्त संघ! दक्षिण आफ्रिकेने याचं शास्त्र केलं. २०१९ च्या विश्वचषकात त्यांच्या बाकावर सहा फॉरवर्ड आणि दोनच बॅक असायचे. या बाकाला नाव पडलं 'बॉम्ब स्क्वॉड'. योकोहामाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा प्रॉप काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला डोक्याला मार लागून बाहेर गेला. त्याच्या जागी आलेल्या डॅन कोलला जवळजवळ पूर्ण सामना स्क्रम ओढावा लागला, आणि समोरून आफ्रिकेचे ताज्या दमाचे धिप्पाड गडी येत राहिले. स्क्रममध्ये इंग्लंडचा पार चुराडा झाला. निकाल ३२-१२. २०२३ च्या अंतिम सामन्यात आफ्रिकेने आणखी पुढची पायरी गाठली, बाकावर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक. न्यूझीलंडविरुद्ध १२-११ असा एका गुणाने कप जिंकला. नियमात बसतं, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दिलेल्या नियमांतून जास्तीत जास्त काढणं हेच प्रशिक्षकाचं काम.

आता सध्याचा नियम बघा. डावपेच म्हणून बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नाही. अपवाद: पुढच्या फळीतला कोणी जखमी झाला तर. कोणाला रक्त येत असेल तर. कोणाची डोक्याची तपासणी चालू असेल तर. प्रतिस्पर्ध्याच्या गैरखेळामुळे कोणी जखमी झाला तर. दिवसभर कोड वाचणाऱ्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. मूळ फंक्शन दोन ओळींचं, आणि त्याखाली 'हे असेल तर' ची रांग. असं दिसलं की समजावं, मूळ रचनेतच काहीतरी खटकतंय आणि लोक ठिगळं लावत बसलेत. आणि ठिगळ जिथे असतं तिथूनच कोणीतरी आत शिरतं.

शिरलेच. १२ एप्रिल २००९. हायनेकन कपचा उपांत्यपूर्व सामना, लंडनच्या हार्लेक्विन्स क्लबच्या मैदानावर. समोर आयर्लंडचं लेन्स्टर. लेन्स्टर ६, हार्लेक्विन्स ५. शेवटची काही मिनिटं उरलेली. एक किक बसली तर सामना हार्लेक्विन्सचा. पण त्यांचा हुकमी किकर निक इव्हान्स आधीच बाहेर गेलेला. तो परत कसा येणार? फक्त एकाच वाटेने. कोणाला तरी रक्त यायला हवं.

आणि आलं. टॉम विल्यम्सच्या तोंडातून लालभडक रक्त वाहू लागलं. विनोदी वस्तूंच्या दुकानात मिळणारी खोट्या रक्ताची कॅप्सूल त्याने चावली होती. बाहेर जाताना त्याने बाकाकडे बघून डोळा मारला आणि तो टीव्हीच्या कॅमेऱ्याने टिपला! इव्हान्स आत आला, त्याने ड्रॉप गोलचा प्रयत्न केला, तो चुकला, आणि लेन्स्टर जिंकलं. त्याच लेन्स्टरने पुढे त्या वर्षीचा कप नेला.

इथपर्यंत गोष्ट हसण्यासारखी आहे. पुढची नाही. लेन्स्टरच्या लोकांना संशय आला होता. ड्रेसिंग रूममध्ये खरी जखम दाखवायची वेळ आली, तेव्हा विल्यम्सच्या आग्रहावरून क्लबच्या डॉक्टरने त्याचा ओठ कापला. रुग्णाला इजा करायची नाही ही जिची शपथ, तिने ओठ कापला, कारण चिठ्ठी खरी ठरवायची होती. २०१० मध्ये वैद्यकीय परिषदेपुढे तिची चौकशी झाली, ताकीद देऊन सोडलं. प्रशिक्षण संचालक डीन रिचर्ड्सवर तीन वर्षांची बंदी आली, फिजिओवर दोन वर्षांची. विल्यम्सला आधी १२ महिने, मग त्याने सगळं सांगितल्यावर चार. क्लबला २,६०,००० पौंड दंड. आणि चौकशीत निघालं की हा प्रकार पहिला नव्हता, त्याच क्लबमध्ये आधी चार वेळा झाला होता.

लोक म्हणाले, काय ही नीतिमत्ता! मान्य. पण ४१ वर्षांपूर्वी, १९६८ मध्येच, डॉक्टरच्या शब्दाला गुणांची किंमत चिकटवली गेली होती. ती किंमत कधीतरी कोणीतरी वसूल करणारच होतं. फिरत्या बदल्या असत्या तर इव्हान्स सरळ चालत आत आला असता. ना कॅप्सूल, ना कापलेला ओठ.

मग प्रश्न सुटला? द्या फिरत्या बदल्या, संपवा वाद? थांबा. शेजाऱ्यांकडे काय झालं ते आधी बघू.

अमेरिकन फुटबॉल हा रग्बीच्याच पोटातून निघालेला खेळ. तिथेही पूर्वी तेच ११ जण आक्रमणही करायचे आणि बचावही. १९४१ मध्ये युद्धाच्या छायेत कॉलेज फुटबॉलच्या नियमात मोकळ्या बदल्या आल्या. खेळाडू सैन्यात जात होते, उरलेल्यांत भागवायला सोपं पडावं एवढाच विचार. १९४५ मध्ये मिशिगनच्या फ्रिट्झ क्रिसलरची गाठ बलाढ्य आर्मी संघाशी पडली. त्याने आक्रमणाला एक तुकडी आणि बचावाला दुसरी, असे दोन संघच उतरवले. तो २८-७ ने हरला, पण सगळ्यांच्या लक्षात राहिली ती त्याची युक्ती. कॉलेजांना दुप्पट खेळाडूंचा खर्च झेपेना, म्हणून १९५३ मध्ये मोकळ्या बदल्या बंद केल्या. १९६० च्या दशकाच्या मध्याला त्या परत आणाव्या लागल्या. व्यावसायिक एनएफएलने १९५० पासूनच त्या कायम केल्या होत्या. आज तिथे फक्त किक मारायला वेगळा माणूस असतो. काही सेकंद जीव खाऊन आदळायचं, मग बाहेर. बसून विश्रांती घेता येत असेल तर माणूस १३०-१४० किलोचा असला तरी चालतो. नियमातल्या एका ओळीने खेळाडूंच्या शरीराचा आकार बदलला!

दुसरा शेजारी त्याहून जवळचा, रग्बी लीग. १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचंच होतं. शनिवारी खेळायला गेलेल्या कामगाराचा बुडालेला रोज भरून द्यायचा की नाही? हे लोक व्यवहारी. बदली खेळाडूही त्यांनी युनियनच्या आधी, १९६४ मध्ये आणले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात तर अमर्याद अदलाबदल होती. कितीही वेळा आत, कितीही वेळा बाहेर. परिणाम? अवजड माणसं थोडा वेळ येऊन धडका मारून जायची आणि चपळ, लहान चणीच्या खेळाडूला जागाच उरेना. कारण मोठा माणूस दमला की मगच लहान माणसाला फट सापडते. मोठा माणूस दमतच नसेल तर फट कुठून येणार? म्हणून २००१ मध्ये त्यांनी सामन्यात १२ अदलाबदलींची मर्यादा घातली. २००८ मध्ये ती १० झाली, २०१६ मध्ये ८. इंग्लंडच्या सुपर लीगनेही २०१९ मध्ये आठवर आणली. आमच्या धंद्यात याला रेट लिमिट म्हणतात. दार उघडं ठेवा, पण तासाला किती जण आत येतील ते मोजा.

दमणूक हा रग्बीचा दोष नाही, तो खेळाचा गाभा आहे. पहिली ६० मिनिटं सगळं बंद असतं, शेवटच्या २० मध्ये पाय जड होतात आणि मैदान उघडतं. १९९६ नंतर नेमकी हीच वीस मिनिटं ताज्या दमाच्या माणसांनी भरून टाकली. २०२१ मध्ये लायन्सच्या काही जुन्या खेळाडूंनी वर्ल्ड रग्बीला जाहीर पत्र लिहिलं त्याचं कारण हेच. त्यांचं म्हणणं, दमलेल्या माणसावर ताजा माणूस आदळवणं धोक्याचं आहे, बदल्या कमी करा आणि दुखापतीपुरत्याच ठेवा.

आणि धोका म्हणजे काय, हे आता अंदाजाचं राहिलेलं नाही. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघाचा हूकर स्टीव्ह थॉम्पसन याने डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलं की त्याला चाळिशीतच स्मृतिभ्रंश झालाय. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. जगज्जेता आहे आणि ते त्याला आठवत नाही. असे तो एकटाच नाही. पुढे आलेल्या माजी खेळाडूंची रांग लांब आहे.

आता अडचण अशी, की दोन्ही बाजू सुरक्षिततेच्याच नावाने भांडतात. बदल्या कमी करा म्हणणारे ताज्या दमाच्या धडकांकडे बोट दाखवतात. बदल्या मोकळ्या करा म्हणणारे म्हणतात, अहो, बाहेर गेलो की परत येणं नाही, हे माहीत असलेला खेळाडू दुखत असलं तरी बाहेर जाईल कशाला? दोघांचंही खरं आहे.

पण जुन्या खेळाडूंच्या उपायात मला १९६८ चं भूत दिसतं. बदली फक्त दुखापतीसाठी म्हटलं की डॉक्टर पुन्हा दारावर आला. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा कॅप्सूल. स्क्रममध्ये हा खेळ होऊन गेलाय. पुढच्या फळीचा माणूस 'जखमी' झाला की स्क्रम लुटुपुटीचा करावा लागतो, आणि त्याचा फायदा दुबळ्या संघाला. हे थांबवायला नियम केला की लुटुपुटीचा स्क्रम ज्याच्यामुळे, त्याने एक माणूस कमी करायचा. २७ फेब्रुवारी २०२२ ला डब्लिनमध्ये हा नियम इटलीवर उलटला. त्यांचा हूकर खरोखर जखमी झाला, बदली हूकरला १९ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं, तिसरा हूकर नव्हता. लाल कार्डाचा एक आणि स्क्रमचा एक, असे दोघे कमी होऊन तासभर १३ जणांनी १५ जणांशी खेळायचं. निकाल ५७-६. लबाडांसाठी लावलेला सापळा, अडकला भलताच.

मग करायचं काय? माझं मत सांगतो.

खालच्या पातळीवर, क्लबात, शाळांत, हौशी खेळात फिरत्या बदल्या असाव्यातच. आणि नियम तशी मुभा देतोच, स्थानिक संघटना १२ अदलाबदलींपर्यंत परवानगी देऊ शकते. तिथे प्रश्न कप जिंकण्याचा नाही, शनिवारी १५ माणसं जमवण्याचा आहे. आलेल्या प्रत्येक पोराला खेळायला मिळायला हवं आणि दमलेल्याला दम खायला.

वरच्या पातळीवर मी लीगसारखा मोजका कोटा ठेवीन. सामन्यात एकूण सहा प्रवेश म्हणा. कोण, का, कधी, कोणी विचारायचं नाही. बाहेर गेलेला परत आला तरी तो त्या सहांतलाच एक. आजच्या आठापेक्षा ताजी माणसं कमी येतील, म्हणजे दमणूक परत येईल. आणि कारण सांगायचंच नाही म्हटल्यावर खोटं कारण कशाला कोण बनवेल? डॉक्टरही शिपाईगिरीतून सुटेल.

एकच गोष्ट या कोट्याबाहेर ठेवायची: डोकं. त्याची तपासणी क्लबच्या डॉक्टरने करायची नाही, स्वतंत्र डॉक्टरने करायची. २०२४ पासून मोठ्या सामन्यांत दातांवरच्या गार्डमध्ये सेन्सर असतात. मोठा हादरा बसला की संदेश बाहेर जातो आणि खेळाडूला तपासणीला यावं लागतं. तो नाही म्हणू शकत नाही, प्रशिक्षकही नाही. आणि तपासणीत नापास झालेल्या बहुतेक खेळाडूंना २०२२ पासून किमान १२ दिवस बाहेर बसावं लागतं. हा तुकडा मला फार आवडतो. कारण इथे खोटं बोलायचं तर पुढच्या सामन्याची किंमत मोजावी लागते. खोट्या रक्ताची किंमत काय होती? एक कॅप्सूल.

या कोट्याने इटलीचं दुखणं बरं होणार नाही, ते लाल कार्डाचं होतं. दक्षिण आफ्रिका सहा प्रवेशांतूनही काहीतरी नवं शास्त्र काढेलच. नियम करणाऱ्याने हे गृहीतच धरायचं असतं. ट्राउटमनची मान, विल्यम्सचा ओठ, थॉम्पसनच्या आठवणी. या तिघांनाही आपापल्या काळात नियमाने एकच सांगितलं होतं, की तुझं शरीर ही संघाची गरज आहे. आता नियमात बदल करायचाच असेल तर एवढं बघावं, की दुखतंय म्हणणाऱ्या खेळाडूला खरं बोलल्याचा तोटा होऊ नये, आणि डॉक्टरला त्याच्याकडे फक्त डॉक्टर म्हणून बघता यावं.